पुसण्याआधी

फहाहीलच्या मागच्या गल्लीत, पासपोर्ट-फोटोवाल्याला लागून
आमचं दुकान. जुने गेम-कन्सोल मी विकत घेतो, उघडतो,
पंख्यातली धूळ ब्रशने काढतो.
इथली धूळ मैद्यासारखी,
बंद खिडकीचंही ऐकत नाही.
मग आधीच्या माणसाचं आतलं सगळं पुसतो.

पुसण्याआधी एकदा बघतो.
मालक म्हणतो, वीज फुकट येत नाही.
तरी बघतो.

बहुतेक सगळे एकाच जागी थांबलेले.
लांबच लांब पूल, पलीकडे दार,
दाराआड तो घणवाला.
कुणी चाळीसदा मेलेलं, कुणी नव्वदवेळा,
कुणी फक्त दोनदा, आणि मग थेट माझ्या टेबलावर.

पूर्वी वाटायचं, चिडतात म्हणून सोडतात.
तसं नाही.
जाबर महिन्यातून दोनदा येतो, कंट्रोलर भिंतीवर आपटून,
दोन भाषांत शिव्या देत,
आणि म्हणतो, मग़रिबच्या आत दे, रात्री खेळायचंय.
आपटणारे सोडत नाहीत.
सोडणाऱ्यांच्या वायरी नीट गुंडाळलेल्या असतात,
वर रबरबँड.
मूळ खोकं, थर्माकोलसकट,
पावतीसुद्धा.

एक मुलगी आली होती आईबरोबर, असेल अकराएक वर्षांची.
म्हणाली, काय चुकलं ते सांगतच नाही, नुसतं मारतं.
आई म्हणाली, हिच्या गणिताच्या सरांसारखं.
दोघी हसल्या. मी हसलो नाही,
किंमत ठरायची होती अजून.

लीलाधर तांडेल आला तो शुक्रवारी.
मिना अब्दुल्लाला रिगर, मूळचा रेवदंड्याचा,
तळहात दोरखंडासारखे.
कन्सोल टॉवेलात गुंडाळून आणलेला, बाळ आणावं तसा.
विचारलं, फार अवघड होतं का?

बसला. करक मागवला. निम्मा पिऊन झाल्यावर म्हणाला,
मरायचं काही नाही रे,
मरण आठ सेकंदांचं.
पण मेल्यावर परत त्या दिव्यापाशी उभं करतात
आणि तिथून पूल चालत यायचा, तीन मिनिटं.
वाटेतले तेच दोन कुत्रे, तीच फुटलेली फळी,
उडी मारायची ती जागाही तीच.
एकदा मी हिशोब केला, रात्री झोप येईना तेव्हा.
लढलो असेन वीस मिनिटं सगळी मिळून.
चाललो आठ तास.

पुढे काही बोलला नाही.
कॅम्पची बस पहाटे चार पन्नासला सुटते, एवढंच बोलला,
आणि ते कशाला सांगितलं
ते मी विचारलं नाही.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी त्याचा खेळ चालू केला.
माणूस दारासमोर उभा होता.
औषधाच्या बाटल्या भरलेल्या, तलवारीला नवी धार,
सगळी तयारी झालेली,
आणि आत गेलेलाच नाही.
शेवटची वेळ पहाटे तीन चाळीस.
मी आत गेलो. आठ नाही, चार सेकंद.
दिवा. पूल. कुत्रे.
फळीपाशी मलाच कंटाळा आला.

यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं?
हो म्हटलं.

सहा महिन्यांनी तांडेल परत आला, फोनचा चार्जर घ्यायला.
घासाघीस केली नाही. पैसे दिले,
दारापर्यंत गेला, थांबला.
माझा तो कुणी नेला?
हवल्लीचा एक पोरगा, म्हटलं. अडकलाय. तिथंच.

तांडेलने चार्जर खिशात घातला,
हात वर उचलला, अदृश्य घण पेलल्यासारखा,
आणि माझ्या त्या चिंचोळ्या दुकानात
खांदा डावीकडे झुकवून दाखवला.

सांग त्याला, तो घण उचलतो ना,
तेव्हा मागे पळू नकोस.
डावीकडे, त्याच्या पायांतच शिरायचं.
तिथे पोचतच नाही त्याचा घाव.