कुंती

शिवोलीच्या भाड्याच्या घराला
पश्चिमेची खिडकी आहे, हे आम्हांला
सहाव्या महिन्यात कळलं.
तोवर तिथं नुसता हिरवा अंधार.

मी म्हटलं, मेंदी.
घरमालक फोनवर म्हणाला, असेल काहीतरी, तोडा.
शाबूनं पान चुरडलं, नाकाशी धरलं,
मग माझ्यापुढं केलं:
लिंबू, आणि मागून किंचित कढीलिंब.
"कुंती. मुळातून नाका हां."

एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही.
आधी मेलेलं, मग एकमेकांवर घासणारं,
मग डोळ्याच्या जरा वर, तिरका काप.
तो कापायचा, मी फांद्या ओढायची.

बुंध्याशी करवत अचानक किंचाळली.
लाकडाच्या आत तार,
कपडे वाळत घालायची; कुणीतरी
दोन वेढे देऊन बांधलेली,
झाडानं गिळलेली, गाठीसकट.
शाबूनं करवतीचे दात बोटानं तपासले.
ती फांदी राहू दिली.

संध्याकाळी भिंतीवर ऊन आलं,
चौकोनी, नवख्या पाहुण्यासारखं.
पलीकडून एस्पेरांसबाय ओरडली,
"आतां तुमची चूल दिसता!"
हात धुतले, लिंबाचा वास गेला नाही.
मग पडदा शोधायला उठले.