सहा नंबर

दहा ते बारा, मग दोन ते पाच.
मधले दोन तास गाव जेवतं आणि निजतं,
चर्चच्या भिंतीला टेकवलेल्या भाड्याच्या सायकली
इतक्या तापतात की हात लावू देत नाहीत.

या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं.
नकाशा फुकट. पेन माझं, परत द्यायचं.
कुणीही येवो, तीच निळी रेघ ओढून देते:

एक, बुरूज. वर चढू नका, कबुतरांनी पायऱ्या निसरड्या केल्यात.
दोन, बायका कपडे धुवायच्या तो हौद;
माझ्या आईचे गुडघे तिथल्या दगडावर गेले,
पाटीवर हे लिहिलेलं नाही.
तीन, बार्नाबे फाब्रेगाचं तळघर.
तो तीन वाइन चाखवतो. चौथी मागाल
तर बापाने लावलेल्या वेलींची गोष्ट सुरू करेल
आणि जेवायची वेळ टळून जाईल.
चार, कालव्याचे दरवाजे. पाणी भरतं, बोट वर चढते,
बघत बसा, त्याला तिकीट नाही.
पाच, कयाक. धक्क्यावर ज्याँतीलचा मुलगा असतो,
झोपला असला तर खुशाल उठवा.
सात, मळ्यांमधून टेकडीवर जाणारी वाट.
पाणी न्या. वर सावली औषधालाही मिळायची नाही.

पाचावरून सातावर मी जाते
ती एक पायरी गाळून उतरल्यासारखी,
आणि कुणाच्या लक्षात येत नाही.
सुट्टीवर आलेली माणसं आकडे मोजत नाहीत.

परवा एका पोराने मोजले.
गेंटहून आलेलं कुटुंब, आईच्या खांद्यांवर
सनक्रीमचे पांढरे ओघळ,
पोरगा सात-आठचा, नकाशावर बोट रोवून:
सहा कुठंय?

सहा म्हणजे कालव्याकाठची प्लातानची रांग होती.
एकशे बेचाळीस झाडं. कोड फुटल्यासारखी खोडं,
फांद्या पाण्यावर येऊन समोरच्या फांद्यांत गुंतलेल्या.
खालून सायकल मारली की अंगभर ठिपके;
माझी बहीण बिबट्यासारखी दिसायची, तशीच गुरगुरायचीही.
मग बुरशी आली.
तोड सुरू झाली ती ऐन द्राक्षतोडणीत.
अरुंद पुलावर इकडून द्राक्षांचे ट्रॅक्टर,
तिकडून करवती घेऊन आलेला ट्रक,
आणि आधी कुणी जायचं यावरून भांडण झालं नाही.
याच गावात!
रोग पसरू नये म्हणून खोडं काठावरच जाळली.
त्या सालच्या वाइनला धुराचा वास आहे
असं बार्नाबे म्हणतो.
खपते मात्र चांगली.

नवे नकाशे छापा म्हटलं तर मेअरबाई म्हणतात,
जुने चार हजार आधी संपू देत.

मी पोराला म्हटलं, सहा सध्या बंद आहे.
बंद म्हणजे दुरुस्तीला?
हो.
कधी उघडणार?
तोंडाला आलं ते सांगून टाकलं: तुला मिशा फुटतील तेव्हा.

पाचला पाच कमी असताना मंडळी पेन द्यायला परत.
नाक भाजलेलं, बुटांत चिखल,
एका मुठीत चोरून तोडलेली हिरवी द्राक्षं, आंबट, जुलैतली.
सहा उघडं आहे, तो म्हणाला, माझ्यावर चिडूनच.
आम्ही तिथे सँडविच खाल्ली.
प्लॅस्टिकच्या नळ्यांतून काठ्या वर आल्यात,
एकीला अकरा पानं आहेत.
आणि तिथे खूप ऊन लागतं,
ते तुम्ही सांगायला हवं होतं.

काल सकाळी नांतच्या दोघी आल्या, पायांत डोंगर चढायचे बूट.
पाच, कयाक, म्हटलं. पेन थांबलं.
सहा, म्हटलं, ऊन.
त्यांना वाटलं मी हवामान सांगते आहे.
एकीने पिशवीत टोपी चाचपून पाहिली,
मग विचारलं,
सायकलबरोबर कुलूप मिळतं का?