थंड हाताचा माणूस

परसातलं ईडलिंबू.
किसणीवर हलकेच, पिवळं तेवढंच घ्यायचं,
पांढरं उतरलं की कडू,
असं लवीनाला तीनदा बजावलं
आणि मीच बोलण्याच्या नादात
पांढऱ्यापर्यंत गेले.

मारी बिस्किटांचा चुरा, सुकं खोबरं,
डब्यातलं गोड घट्ट दूध, अर्ध्या फोडीचा रस.
ना भट्टी, ना गॅस.
'ट्रफल म्हणायचं ममा, लाडू नाही.
आता वळ.'

वळायला घेतलं तर गोळा टिकेचना.
तव्याशी जन्म गेलेले हात माझे,
त्यात वेंगुर्ल्याचा मे महिना;
सगळं बोटांना लडबडून बसलं.

तेवढ्यात बस्त्याव आला बंदरावरून,
बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपवून.
गमबूट दारात. बोटं फिकट, सुरकुतलेली.
बावीस वर्षं लाद्या फोडतोय.
रात्री पाठीला हात लागला
की मी अजून किंचाळते.

'हात धू. बस हंय.'
बसला. विचारलंही नाही कशाला.
जाळं विणणाऱ्यासारखा मान खाली घालून
वळत राहिला,
आणि त्याच्या तळव्यात
एकही गोळा पाघळला नाही.
काही सुपारीएवढे, एक तर चक्क अंड्याएवढा.
खोबऱ्यात लोळवून ताटात ठेवले.

लवीनाने मोजले: एकतीस.
फ्रिजमध्ये ठेवताना परत मोजले: तीस.

बस्त्याव नळाशी, पाठमोरा.
'कडू लागला काय रे?'
त्याने तोंड न उघडता
नुसती मान हलवली.