उलटा वाघ

दगड घासायचं काम माझं.
वाळू, पाणी, वर दुसरा दगड
आणि आठाचा आकडा काढत फिरवत राहायचं.
दस्तगीर कातिब म्हणायचे, "इरण्णा,
बोटाला दूध लागल्यागत वाटलं की थांब."

मंगळवार पेठेत एका खोलीचा छापखाना.
भिंतीवर राणीचं चित्र, आम्हीच छापलेलं,
एक डोळा जरा खाली.

गड्ड्याच्या आधी म्हैसाळकर आले.
मिशीला मेण, पायात एकच मोजा.
"दी ग्रँड कृष्णातीर सर्कस. दोन हजार प्रती. गुलाबी कागद.
माथ्यावर साहेबाची इंग्रजी, खाली मराठी,
डावीकडे कानडी, उजवीकडे तेलुगू,
मधोमध वाघ.
तोंड उघडं पाहिजे."

कातिबांनी वाघ पाहिला नव्हता.
"शेपूट केवढं?"
म्हैसाळकरांनी दोन्ही हात पसरले,
मग जरासे आवरले.

शेजारच्या नरसम्माच्या मागाखाली
एक बोकं झोपायचं.
त्यानं जांभई दिली, तीच डरकाळी झाली.
पट्टे कातिबांनी नरसम्माच्या लुगड्यावरून घेतले.

*सर्व आश्रयदात्यांस कळविण्यास आनंद वाटतो की
तळ्याच्या अंगाला, किल्ल्याच्या सावलीत
धावत्या घोड्यावर उभी राहून
मिस चंपा समई लावील.
बायकांची बसण्याची सोय निराळी.
खुर्ची रुपया, बाक आठ आणे, जमीन दोन आणे.
आज शेवटचा खेळ.*

पहिल्या खेळाला अजून सहा दिवस होते.

हे सगळं दगडावर उलटं.
कातिबांच्या हाताखाली मराठीसुद्धा
उर्दूसारखी उजवीकडून चालत यायची.
मला शाळा नव्हती. अक्षरं मी तिथंच उचलली,
म्हणून गावातली एक पाटी मला वाचता येत नसे
आणि दगडावरचं सगळं येई.

मग लिंबा निघाला, हलगी पोटाशी,
मागं बैलगाडी, गाडीवर दोन्ही बाजूंना वाघ.
बाळीवेस, कुंभारवेस, तुळजापूरवेस.
गिरणी सुटली तेव्हा दारातच कागद उधळले,
सरकी अंगावर घेऊन आलेल्या माणसांनी
ते टोपीत खोचले, पोरांना घरी न्यायला.

तिसऱ्या दिवशी म्हैसाळकर परत आले, बसले.
पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
"वाघ गेला.
होटगीच्या यार्डात, डब्यातच.
सकाळी पाव शेर दूध ठेवलं ते तसंच."
कातिबांनी विचारलं, "खोडायचा?"
बराच वेळ ते आपल्या एका मोज्याकडे बघत राहिले.
"आणखी पाचशे काढा," म्हणाले,
"आणि तोंड जरा जास्त उघडा."

मी दोन आण्यांच्या जमिनीवर बसलो.
चंपानं समई लावली. वारा होता, दोनदा विझली,
तिसऱ्यांदा लावली तेव्हा घोडासुद्धा दमला होता.
मग पिंजरा आला, वर हिरवा पडदा.
"वाघ आज रागात आहे. पडदा निघणार नाही."
आतून डरकाळी आली.
माझ्या पुढचा म्हातारा हात जोडून उठला.
मी ती ओळखली.
सहा दिवस दवंडी देऊन बसलेला
लिंबाचा घसा होता तो.

मीही टाळ्या वाजवल्या.

वाटेत पैशाची शेंगाचटणी घेतली.
पुडी गुलाबी कागदाची.
तेल मुरून कागद आरपार झालेला,
दुकानदाराच्या चिमणीसमोर धरला
तर पाठीमागून अक्षरं दिसली, उलटी, माझ्या ओळखीची.
गावात उभं राहून मी पहिल्यांदा काही वाचलं:
आज शेवटचा खेळ.
मोठ्यानं वाचलं. दुकानदार म्हणाला, "मग जा की."

सोमवारी गिरणीची नोटीस आली.
उशिरा येणाऱ्यास दोन आणे दंड.
त्याच दगडावर घ्यायची होती.
पहिला कागद कातिबांनी उजेडाला धरला.
'दंड' या शब्दामागं, अगदी फिकट,
उघडा जबडा.

"घासला नाहीस नीट," ते म्हणाले.
"घासला," मी म्हणालो.