खाऱ्या गवताच्या गंज्या

टिलिंगहास्टनं जन्मभर चेहरे रंगवले.
गिरणीमालक, धर्मोपदेशक, त्यांच्या बायका,
बोस्टनच्या एका बँकेचे ओळीनं सात अध्यक्ष.
एकाचाही कान चुकलेला नाही.
आमच्या म्युझियमचा जिना त्यांनीच भरलाय;
वर जाताना सगळे असे बघतात
जसं काही आपण भाडं थकवलंय.

हे एवढंच वेगळं.
दोन विती रुंद. इप्सविचची दलदल, ओहोटी,
खुंटांवर रचलेल्या खाऱ्या गवताच्या गंज्या,
वरून शंभरेक वर्षांची काजळी.
पाठीमागं पेन्सिलीनं : ऑगस्ट. डास फार.

मी काडीला कापूस गुंडाळते,
जिभेवर धरते, पुसते.
हो, थुंकीच. इतकं मऊ सॉल्व्हंट
अजून कुठल्या कारखान्याला जमलेलं नाही.
शाळेच्या दारात आई पदराचं टोक ओलं करून
गालावरची शाई पुसायची, तस्सं.

पहिल्या दिवशी आभाळ निघालं.
दुसऱ्या दिवशी पाणी,
आणि पाण्यात एक खराखुरा डास,
रंग ओला असताना बसलेला, पाय फाकवून.
त्याला मी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी चिखल.
चिखलात हा गुलाबी.
संध्याकाळचा म्हणावा, तर सावल्या आखूड,
ऊन डोक्यावर.
कुठं पाहिलाय मी हा?

काडी हातात तशीच, जिन्यात गेले.
चौथ्या पायरीशी मिसेस क्रॉवेल,
साटीन, मोत्यांचा दुपेडी सर,
आणि डाव्या गालावर तोच :
शेंदरात पांढरा, किंचित हिरवट माती.

म्हणजे त्या सकाळी तिचं बसणं रद्द झालं असणार.
डोकं दुखलं, पाहुणे आले, काहीतरी.
कालवून ठेवलेला गाल पॅलेटवर सुकायला लागला
आणि टिलिंगहास्ट, काटकसरी माणूस,
तो तसाच उचलून
तिच्या उन्हाळी बंगल्याच्या मागच्या दारानं
बुटांसकट चिखलात उतरला.
तिथं त्याला कुणी सांगितलं नाही
की हनुवटी जरा कमी करा.

ब्रश किती भरभर चाललाय!
एक गंजी तर नुसती तीन फटकाऱ्यांत,
चौथा द्यायचा विसरलाच.

अहवालात लिहिलं :
रंगाचा थर मजबूत. उजवा कोपरा तडकलेला.
डास एक, जागच्या जागी ठेवला आहे.

गालाचं लिहिलं नाही.
मिसेस क्रॉवेल अजून ताठ बसली आहे जिन्यात,
तिला कशाला कळायला हवं
ती त्या दिवशी कुठं जाऊन आली.