उखळीचा सांधा

एल्क सिटीत वारा विचारून येत नाही.
दुकानाचं पत्र्याचं दार तो सातलाच वाजवतो,
मग वर्लिन येतो, मग मी,
मग कॉफीचं यंत्र, खोकत खोकत.

मिरजेत मी माणसांचे सांधे सोडवायचे.
ओक्लाहोमाच्या परीक्षेचा अर्ज अजून कपाटात आहे,
तोवर लोखंडाचे विकते.

काउंटरवर दोन नमुने.
हा गूजनेक. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसावर,
एकच गोळा, मोठ्या लिंबाएवढा.
ट्रेलरची मान वरून उतरते आणि त्याला गिळते.
खांदा असतो ना, तसा. उखळीचा सांधा.
हवा तसा वळतो, खड्ड्यात खडखडतो,
कुरकुरत का होईना, गुरांनी भरलेला ट्रेलर ओढतो.
साखळ्या दोन, न विसरता.
काम संपलं की गोळा उपसून उलटा खोचायचा;
हौदा सपाट. गवताच्या गाठी भरा, नाहीतर कुत्रं बसवा.

हा फिफ्थ व्हील. नावावर जाऊ नका, चाकबिक काही नाही.
ग्रीस माखलेली थाळी, तिला जबडा,
आणि ट्रेलरखाली लोंबणारा खुंटा,
जात्याच्या तळीत मधोमध असतो तसला, फक्त वरून खाली.
मागे सरकत यायचं. खट्.
चाल मऊ. चालत्या घरातले टांगलेले कप फुटत नाहीत,
असं निवृत्त जोडपी सांगतात.
पण हौदा अडतो. ते धूड उतरवायला
दोन माणसं लागतात, शिव्या वेगळ्या.

चांगला कुठला, लोक विचारतात.
ओढायचंय काय, मी विचारते.

मंगळवारी अर्लीन टॅकेट आली.
बत्तीस फुटी ट्रेलर, जन्मभर गूजनेक.
म्हणाली, फिफ्थ व्हील बसवून द्या.
वर्लिननं टोपी मागे सारली. गुरांच्या ट्रेलरला? कशाला?
ती किमतीचा कागद बघत राहिली.
कागद डाव्या हातात. पाकीटही डाव्याच हातानं काढलं.
उजवा कोपर बरगडीला शिवल्यासारखा.

"हौद्यात चढून कडी लावता येत नाही ना?"
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"वाऱ्यानं दार ओढलं. नोव्हेंबरात."

वर्लिनला अचानक कॉफी हवीशी वाटली.
मी तिला बॅटऱ्यांशेजारच्या भिंतीशी उभं केलं.
बोटं टेकव. कोळ्यासारखी वर चढव.
दुखेल तिथे थांब, लगेच उतरू नकोस.
बोटं पोचली कॅलेंडरच्या खालच्या कडेशी,
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.
मी पेन्सिलनं रेघ मारली.

विक्री शून्य, वर्लिन म्हणाला, मला ऐकू जाईल असं.
मग स्वतःच बाहेर गेला
आणि तिच्या ट्रेलरच्या मानेला दांडा वेल्ड करून आला,
जमिनीवर उभं राहून कडी ओढता येईल एवढा लांब.
पैसे? नंतर बघू.

निघताना तिनं रोजची परीक्षा घेतली:
ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे,
गाडी हळूच पुढे खेचायची, बोटभर.
सुटत नाही ना, एवढंच बघायचं.
गोळा कुरकुरला. साखळ्या हलल्या.
लाल धुळीत ती उजवीकडे वळली,
खूण देताना हात मात्र डावा.

भिंतीवर आता पाच रेघा आहेत.
वरची पोचलीय तारखा ओलांडून
मार्चच्या चित्रात, ट्रॅक्टरच्या चाकापाशी.