दीड फूट

त्सेयी म्हणतात इथे दरीला :
खडकाच्या आत.
माझ्या वहीत तिला अजून नाव नाही,
नुसता पत्रक क्रमांक,
आणि चाळीस-चाळीस फुटांनी वर चढत गेलेल्या
तपकिरी रेषा.

कड्यापाशी त्या इतक्या बिलगतात
की पेन्सिलीचं टोक आत शिरत नाही.
पठारावर मात्र एखादीच निघते
आणि करड्या झुडपांतून मैलभर एकटी जाते.

समान उंचीची रेघ कुणी चालत नाही,
असं मी समजत होतो.
डेस्बा एत्सिटीच्या मेंढ्या रोज तीच चालतात,
उतारावर आडव्या, ना चढ ना उतार.
त्यांच्या खुरांनी कोरलेली वाट माझ्या रेषेवर
केसाच्या फरकानं बसली.
"मग पगार मेंढ्यांना दे," डेस्बा म्हणाली,
आणि पिंपातलं पाणी मोजून
वाटीभर पुढे केलं.
ते अठरा मैलांवरून येतं.
नकाशात पिंपाला निळा रंग नाही.

तिचा भाचा लीलंड मोजकाठी धरायचा.
मी भिंगातून आकडा वाचायचो,
यंत्र उचलून पुढे जायचो,
मागे वळून त्याच काठीवर पुन्हा वाचायचो.
सहा दिवस. अकरा मैल.
फिरून पितळी चकतीपाशी आलो, तर चकती
दीड फूट खाली गेलेली.

रात्री कंदिलाशी बसून बेरजा तपासल्या,
तीनदा.
आठवड्याभरात खडक खचत नाही.
लीलंड विस्तवात काटक्या सारत होता.
"तिसऱ्या दिवशी," बऱ्याच वेळानं म्हणाला,
"तू यंत्र घेऊन पुढे गेलास
आणि काठीखालून लाल मुंग्या निघाल्या.
त्यांच्या दारातच उभा होतो मी.
शेजारच्या दगडावर चढवली मग काठी."
"सांगितलं का नाहीस?"
"तू उंची विचारत होतास."

पहाटे दोघं पाच मैल मागे गेलो.
दगड होता. वारूळही होतं,
दाराशी बारीक खड्यांची रास,
ऊन यायची वाट पाहत.
दगड मोजला : एक फूट सहा इंच, बरोबर.
लीलंडनं या खेपेला काठी टेकवलीच नाही,
मुंग्यांपासून बोटभर वर
हवेत धरून उभा राहिला,
हात थरथरेपर्यंत.

पुढची सगळी पानं मी दीड फुटानं उचलली :
कडा, खिंड, मेंढवाडा,
पूर्वेकडे दार असलेलं डेस्बाचं घर.
घरात ती कॉफी उकळत होती,
तिला काहीच हललेलं जाणवलं नाही.

कारण लिहायला रकाना अरुंद असतो.
एकच शब्द मावला :
मुंग्या.